दाराआडून दिलेला नंबर

सलूनची खुर्ची

मला अर्धांगाचा झटका आला हे सगळ्यात आधी कामशेतच्या न्हाव्याला कळलं. मी खुर्चीत मान टाकून बसलो होतो, अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालाला फेस. तो वस्तरा थांबवून म्हणाला, "आबा, तोंड सरळ करा की जरा." मी म्हटलं, सरळच आहे बाबा. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून निघालं ते भलतंच काहीतरी. आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली आलेली आणि फेस ओघळून मानेवर. त्या न्हाव्याला मी तीस वर्षं ओळखतो, पण त्याचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्याने टॉवेलने माझं तोंड पुसलं, दुकान उघडं टाकलं, रिक्षा थांबवली आणि मला धरून तळेगावच्या दवाखान्यापर्यंत आला.

माझं नाव सोपान. वय त्र्याहत्तर, गाव वडिवळे. भात लावणाऱ्या घरात जन्मलो, पण पोट भरलं रेल्वेवर. कामशेतच्या पुढे एका फाटकावर मी गेटमन होतो. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गेली की उघडायचं, एवढंच काम. लोक हसतात, म्हणतात यात काय अवघड. त्यांनी एक दिवस करून बघावं.

मी सध्या आजाऱ्यांची सोय करणाऱ्या एका बंगल्यात आहे. इथल्या जाधव सिस्टर म्हणाल्या, आबा, तुमचं सगळं लिहून काढा, नवीन माणसाला भरती करायला येतात त्या घरच्यांना मी वाचायला देईन. म्हणून लिहितोय. उजवा हात शाबूत आहे, अक्षर पूर्वीसारखंच वाईट आहे. गोळ्या-औषधांचं मी काही सांगणार नाही, ते मला कळत नाही. मी एका संडासाच्या दाराची गोष्ट सांगणार आहे. कुणाला किळस येत असेल तर त्याने इथेच थांबावं.

माझ्याबद्दल, माझ्यादेखत

दवाखान्यात पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही, की माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभे राहून सुनीलशी बोलायचे. सुनील माझा मुलगा, एकुलता एक, उर्से बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. डॉक्टर त्याला सांगत होते, "यांची डावी बाजू गेली आहे. किती परत येईल सांगता येत नाही. वय बघता फार अपेक्षा ठेवू नका." मी तिथेच पडलेलो, दोन्ही कान ठणठणीत. मला विचारायचं होतं, की बाबा, मी चालणार की नाही. पण जीभ लुळी होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायला कुणाला वेळ नव्हता.

सुनील मात्र थांबायचा. ड्यूटी संपली की यायचा, माझा डावा हात हातात घेऊन बसायचा. मला तो हात कळत नव्हता, पण त्याने धरलेला दिसत होता. वैशाली, माझी सून, सकाळी डबा घेऊन यायची आणि भात कालवून भरवायची. पातळ कालवायची, मला आवडतो तसा घट्ट नाही. मी काही बोललो नाही. बोलता येतच नव्हतं म्हणा.

चौथ्या दिवशी न्हावी आला. पिशवीत वस्तरा, साबण, फडकं. म्हणाला, "आबा, अर्धं काम ऱ्हायलंय माजं." खाटेवरच राहिलेली अर्धी दाढी केली, तोवर पहिली अर्धी वाढली होती म्हणून तीही केली. त्याने माझ्याशी नेहमीसारख्या गप्पा मारल्या, यंदा भात कसा आहे, कुणाच्या पोरीचं जमलं. मी उत्तर देत नव्हतो तरी थांबून थांबून विचारत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

तिसऱ्या आठवड्यात जीभ सुटली. पायालाही जरा समज आली. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी मला चार पायांची काठी दिली आणि खाटेपासून बाथरूमपर्यंत नेऊन आणलं. डावा पाय फरफटत होता, पण येत होता. दवाखान्यातून निघताना मी काठी टेकत स्वतः संडासला जाऊन आलो होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला दिवस

सुनीलचं घर कामशेतला, दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर. मी एकटा घरात कसा राहणार? चार महिने, पाय सुटेपर्यंत, अशी बोली करून त्यांनी मला लोणावळ्याला तुंगार्लीत ठेवलं. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा जुना बंगला, तिथे आमच्यासारख्यांची सोय केली आहे. शनिवार-रविवारी शेजारच्या बंगल्यांत पर्यटक येऊन गाणी लावतात, बाकी दिवस शांत. घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज येतो. मला तो आवाज बरा वाटला. मनात म्हटलं, चार महिने काय, काढू.

सुनील निघून गेला आणि शमीम आली. शमीम म्हणजे आमची सेवा करणारी बाई, चाळिशीची, कामशेतचीच. तिच्या हातात डायपर होता.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"तुमालाच, आबा."

"मी जातो की गं. काठी आहे माझी."

"भरतीच्या कागदावर ‘न्हाई’ लिवलंय. जमत न्हाई म्हून लिवलंय."

"कागदाला काय माहीत? मी सांगतोय ना."

"तुमी पडला तर माजी नोकरी जाईल, आबा. लय वंगाळ वाटतं मलाबी. पण ऱ्हावा गप."

दवाखान्यात हे काम वॉर्डबॉय करायचा; आयुष्यात माझी आई आणि माझी बायको सोडून कुण्या बाईने माझ्या अंगाला असा हात लावला नव्हता. शमीमने चादर वर धरली, तोंड दुसरीकडे केलं आणि चटचट काम उरकलं. तिने होता होईल तेवढी माझी लाज राखली, हे खरं. पण त्याने काही फरक पडला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि राग कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

त्या दिवशी मी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत आवरून धरलं. शेजारच्या खाटेवर पिंगळे गुरुजी होते. जन्मभर शाळेत शिकवलं, आता त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. ते मला दर पाच मिनिटांनी विचारत होते, "आपण कुठल्या गावचे?" मी दर वेळी सांगत होतो, वडिवळे. चार वाजता मला राहवेना. झालं. गुरुजींनी परत विचारलं, आपण कुठल्या गावचे, आणि मी तोंडावर पांघरूण घेतलं.

अर्धांगाने मी म्हातारा झालो नव्हतो. त्या दुपारी झालो.

पाय विसरतो

मग दिवस लागले सवयीला. सकाळी सहाला चहा, सातला अंग पुसणं, आठला नाष्टा. मला भरवत. उजवा हात चांगला असून भरवत, कारण कागदावर त्यापुढेही ‘नाही’ होतं. मी चमचा ओढून घ्यायचो तर शमीम म्हणायची, "सांडवता, आबा. मग चादर बदलाय लागती." खुर्चीत बसवून दोन तास व्हरांड्यात ठेवत. मग परत खाट.

तिथली माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. चादरी स्वच्छ असत. पण आपलं सगळं दुसऱ्याने करायचं म्हटलं की माणूस काय करतो? पडून राहतो. दवाखान्यात मी बाथरूमपर्यंत जात होतो. इथे महिन्याभरात मला खाटेच्या कडेला उठून बसताना घेरी यायला लागली. मांडी हाताने चाचपली तर मांस उतरलेलं. डावा पाय जे शिकला होता ते विसरत चालला होता, आणि उजवाही त्याच्या नादाला लागला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. एक दिवस डायपर ओला झाला आणि मला काहीच वाटलं नाही. लाज नाही, राग नाही. नुसता पडून राहिलो. दहा मिनिटांनी माझं मलाच कळलं की आपल्याला काही वाटलं नाही, आणि मग मात्र मी घाबरलो. असाच राहिलो तर चार महिन्यांनी सुनील कुणाला घरी नेणार आहे?

कडी

दुपारी दीड ते दोन शमीमची जेवणाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी उठलो. काठी खाटेखाली होती, ती पायाने ओढून घेतली. खाट ते संडास बारा पावलं. मला पाव तास लागला असेल. गुरुजी बघत होते. म्हणाले, "कुठे निघालात?" म्हटलं, गावाला.

आत गेलो, दार लावलं आणि कडी घातली. त्या कडीच्या आवाजाने इतकं बरं वाटलं की विचारू नका. सव्वा महिन्यात पहिल्यांदा माझ्याभोवती चार भिंती होत्या आणि आत दुसरं कुणी नव्हतं. कमोडवर बसलो, सगळं रीतसर झालं. उठायला गेलो तर उठता येईना. धरायला दांडी होती ती डाव्या बाजूला, आणि माझा डावा हात म्हणजे नुसता लोंबता. काठी सटकून दारापाशी जाऊन पडलेली.

हाक मारली तर शमीमची नोकरी जाणार. न मारली तर मी तिथेच बसणार. मी हाक मारली नाही. माझ्या अंगात ही खोड आहेच, अडलो तरी सांगायचं नाही.

शेवटी खाट रिकामी बघून शमीमनेच आरडाओरडा केला. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, ते त्यांच्या गावी गेले. सगळी माणसं आधी फाटकाबाहेर रस्त्यावर धावली. मग कुणाला तरी बंद दार दिसलं. माळ्याने पहार घालून कडी उचकटली. जाधव सिस्टर, शमीम, माळी, स्वयंपाकीण, सगळे दारात, आणि मी समोर बसलेलो. यापुढचं लिहीत नाही.

शमीमला कामावरून काढलं नाही, पण सगळ्यांसमोर बोल लावले. माझ्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लागले. संडासाची कडी काढून टाकली. तिच्या जागी दोन भोकं राहिली. संध्याकाळी शमीम चहा घेऊन आली, तिचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, चुकलो बाई. ती म्हणाली, "तुमी हाक बी न्हाई मारली. तुमाला हुडकत म्या त्या दाराच्या भायेरनंच धावली, आबा. येक हाक मारायची."

सहा वेळा नाही

दुसऱ्या दिवशी मी जाधव सिस्टरांना म्हटलं, मला तो कागद बघायचाय. त्या करड्या आहेत, पण खोट्या नाहीत. त्यांनी फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली.

भरतीचा फॉर्म. सहा प्रश्न होते. स्वतः जेवता येते का? स्वतः कपडे घालता येतात का? आधार घेऊन चालता येते का? स्वतः शौचालयात जाता येते का? लघवीची जाणीव होते का? आपली गरज सांगता येते का? सहा प्रश्नांपुढे सहा वेळा ‘नाही’. आणि ते अक्षर मी ओळखलं. ते अक्षर मी त्याच्या मुठीवर मूठ ठेवून गिरवून घेतलं होतं, फाटकावरच्या खोलीत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

"आम्ही घरच्यांनी लिहिलेलं प्रमाण मानतो," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या मुलाला मी दोनदा विचारलं होतं. तो म्हणाला, काहीच जमत नाही."

रविवारी सुनील आला. केळी घेऊन आला होता. मी फॉर्म त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, हे काय आहे. माझा आवाज चढला होता, जीभही परत अडखळायला लागली होती. म्हटलं, मला जिवंतपणी मेलेला लिहून दिलास तू. मी हगणं-मुतणं विसरलोय असं लिहून दिलंस.

त्याने फॉर्म माझ्या हातातून घेऊन खाटेवर ठेवला. मग म्हणाला, "आबा, जमतं लिहिलं असतं तर कुणी बघितलं नसतं तुमच्याकडं. ज्याला जमतं त्याच्याकडं कोण बघतं? आईच्या वेळी तुम्ही काय सांगितलं होतं, आठवतंय?"

मला आठवत होतं. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, म्हणून सांगतो.

कमल, माझी बायको. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. वॉर्डात नर्सने मला विचारलं, बाई बाथरूमला आपल्या आपण जातील का, की भांडं द्यायचं? कमलने माझ्याकडे बघितलं. तिला भांडं नको होतं, चारचौघांत लाज वाटत होती. मला तिची लाजही कळली आणि थोडी माझी ऐटही होती. मी म्हणालो, "जाते की. डोक्यावर भाताच्या पेंढ्या घेऊन बांध चढणारी बाई आहे." नर्सने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला खाली गेलो. कमल उठली, बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि चक्कर येऊन पडली. सुनील तेव्हा बावीस वर्षांचा. खांदा मारून दार त्यानेच तोडलं. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती परत घरी आली नाही.

इतक्या वर्षांत आम्ही बापलेक यावर एक शब्द बोललो नव्हतो. मी मनात धरून होतो की त्याला आठवत नसेल. आणि त्या दुपारी मी स्वतः कडी लावली तेव्हा मला कमल आठवली का? नाही आठवली. खोटं कशाला बोलू.

"मला फोन आला," सुनील म्हणाला, "तुमचे वडील आतून कडी लावून बसलेत, दार तोडावं लागलं. मी मशीनपाशी उभा होतो आबा. मशीन बंद करून खालीच बसलो." त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तुम्हाला राग आला तरी चालेल. पण मी हो लिहिणार नाही."

केळी तशीच ठेवून तो गेला. मी रागावणार कुणावर? माझ्या एका ‘हो’ने त्याची आई गेली होती. त्याचं ‘नाही’ तिथून आलं होतं.

नंबर

तीन-चार दिवस कठड्यांच्या आत पडून विचार करत होतो. सुनीलचं भय खोटं नव्हतं. माझं म्हणणंही खोटं नव्हतं. दार उघडं टाकून बसायचं तर माझा जीव जातो, दार बंद करायचं तर त्याचा.

आणि मग मला माझं फाटक आठवलं. खरं तर ते आठवायला इतके दिवस लागायला नको होते.

फाटकावर काय असतं सांगतो. गाडी निघाली की स्टेशन मास्तर फोनवर सांगतो. मी फाटक लावतो आणि त्याला एक नंबर देतो. त्या नंबरांची यादी माझ्यापाशी असते, कुठला नंबर येणार हे त्याला आधी माहीत नसतं. तो माझा नंबर परत म्हणून दाखवतो, आणि आम्ही दोघं आपापल्या वहीत लिहितो. मास्तरला माझं फाटक दिसत नाही. तो काही धावत येऊन बघत नाही. पण नंबर आला म्हणजे त्याला कळतं, की फाटक लागलंय, माणूस जागा आहे, शुद्धीत आहे. नोकरीभर मी न दिसणाऱ्या माणसाला आवाजावर खात्री देत आलो. संडासाच्या दाराला ते का चालू नये?

मी जाधव सिस्टरांना सांगितलं. कडी नको. दार मात्र लोटलेलं हवं. शमीम बाहेर उभी राहील, दाराकडे पाठ करून. मी बसलो की एक नंबर देईन, तो तिने म्हणून दाखवायचा आणि वहीत लिहायचा. उठून उभा राहिलो की दुसरा देईन. दुसरा येईपर्यंत तिने हलायचं नाही आणि दारही उघडायचं नाही. तिने विचारलं आणि मी नंबर दिला नाही, तर मात्र काही न बघता सरळ आत यायचं.

सिस्टर हसल्या नाहीत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या इथल्या मॅडमना त्यांनी विचारलं. मॅडमनी मला उठवून बघितलं, चालवून बघितलं, उजव्या बाजूला भिंतीत एक दांडी ठोकून घ्यायला सांगितली. म्हणाल्या, दोन आठवडे दिवसाउजेडी करून बघू. पण फॉर्म बदलायचा तर मुलाची सही लागेल.

पहिल्या दिवशी शमीमला लाज वाटत होती. मी आतून म्हटलं, "एकेचाळीस." बाहेर सगळं गप. मी परत म्हटलं. ती हळूच म्हणाली, "येक्केचाळीस." मग म्हणाली, "आबा, माज्या जन्मात असलं काम न्हाई केलं." दोनचार दिवसांत तिचा आवाज मोकळा झाला. मी उशीर लावला की दरडावायची, "आबा, नंबर कुटं हाय?" पिंगळे गुरुजींनाही त्यात गोडी लागली. मी आतून नंबर दिला की ते खाटेवरून म्हणायचे, "बरोबर." दोन आठवड्यांत मला फक्त दोनदा मदत लागली, दोन्ही वेळा मी स्वतः हाक मारली. सांगायला अभिमान वाटतो, कारण ते मला उठण्यापेक्षा अवघड गेलं.

वही भरत आली. शमीमचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

रविवार

सुनील आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पानं उलटली. सगळी वाचली असतील असं मला वाटत नाही. म्हणाला, "चांगलं आहे आबा. पण शमीमताई रोज असतील का? एखाद दिवशी त्यांचं लक्ष नसेल तर?"

मी म्हटलं, "तू उभा राहा आज."

"मी?"

"तू. मला जायचंच आहे."

त्याचा चेहरा उतरला. शमीमने त्याच्या हातात वही आणि पेन दिलं आणि कसं उभं राहायचं ते दाखवलं. मी कठडा खाली केला, काठी घेतली. बारा पावलं. तो माझ्या मागून चालत होता, दोन्ही हात पुढे करून, कधीही धरील असा. मी म्हटलं नाही की हात खाली घे. घाबरलेला होता तो.

आत गेलो. दार लोटलं. बसलो आणि म्हटलं, "सत्तावन्न."

बाहेरून काही आलं नाही. मला त्याचे बूट दाराखालच्या फटीतून दिसत होते. मी दम धरला. मग परत म्हटलं, "सुनील, सत्तावन्न."

"सत्तावन्न," तो म्हणाला.

"लिहिलंस?"

"लिहितोय."

मी बसून राहिलो. त्या वेळी मात्र कमल आठवली. मी भांड्याला नाही म्हणालो याचं मला आता तेवढं वाटत नाही, तिलाही ते नकोच होतं. मी चहाला गेलो याचं वाटतं. दाराबाहेर कुणी उभं असतं आणि तिने आतून नुसता हुंकार जरी द्यायचं ठरलं असतं, तर. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधे एवढी जागा होती, आणि ती मला त्र्याहत्तराव्या वर्षी दिसली.

उजव्या हाताने दांडी धरली. पहिल्या खेपेला उठलो नाही. बूट दाराकडे वळले आणि तिथेच थांबले. त्याने दार उघडलं नाही. तो त्याचा मोठेपणा, मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या खेपेला उठलो. धोतर सारखं केलं, एका हाताने वेळ लागतो. मग म्हटलं, "बावीस."

"बावीस," तो लगेच म्हणाला.

नवीन फॉर्मवर त्याने त्या दिवशी एकच ‘हो’ लिहिलं, चौथ्या प्रश्नापुढे. खाली सही केली. जेवण्याचं आणि इतर ‘हो’ पुढच्या आठवड्यात लिहिली, कपड्यांचं तेवढं अजून बाकी आहे, धोतराचा काष्टा मला धड जमत नाही आणि मीच त्याला लिहू दिलं नाही. उगाच ‘हो’ मी आता म्हणत नाही. घरी जायचं पुढच्या महिन्यात ठरलंय, सुनीलने बाथरूमला उजव्या बाजूने दांडी लावून घेतली आहे. तुम्ही कुणाला भरती करायला आला असाल, तर फॉर्म त्या माणसाच्या मांडीवर ठेवा आणि एकेक प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा थांबा.

त्या रविवारचं एवढंच राहिलं. दार ओढून मी बाहेर आलो तेव्हा सुनील शमीमने शिकवल्यासारखा दाराकडे पाठ करून उभा होता. वही छातीशी धरलेली. चाळिशी पार केलेला माणूस, हाताखाली तीस कामगार.

"आबा, वळू का?" त्याने विचारलं.

मी काठी नीट टेकली आणि म्हणालो, "वळ."